दोरी धरणारा

प्रश्न थोडक्यात असा होता: "मी चोपडा तालुक्यातली, वय २३. कादंबरी लिहितेय. काळ २०९१. खान्देशात पाणी संपत आलंय आणि तापीवर 'जलसेने'चं राज्य आहे. सोळाव्या वर्षी प्रत्येक मुलामुलीला सात परीक्षा द्याव्या लागतात, पार झाला तो योद्धा. नायिका जाई सातही पार करते. पहिली साठ पानं मैत्रिणींना वाचायला दिली. त्या म्हणाल्या, थरार आहे पण खरं वाटत नाही, मोबाईलवरच्या गेमसारखं वाटतं. काय करू? परीक्षा अजून कडक करू का?"

ताई, साठही पानं दोनदा वाचली. एकदा रात्री घरी, एकदा पहाटे मैदानावर पोरं वॉर्मअप करत होती तेव्हा. मी सतरा वर्षं पायदळात काढली, हवालदार म्हणून बाहेर पडलो. गेली चौदा वर्षं धुळ्यात भरतीची पोरं-पोरी पळवतोय. दुपारी विज्ञानकथा लिहितो, आणि ऑगस्ट आला की दिवाळी अंकासाठी नव्या लोकांच्या कथा तपासतो. म्हणजे तुमच्या प्रश्नाची दोन्ही टोकं रोज हातात असतात. म्हणून उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी शेवटच्या वाक्याचं उत्तर देतो. नका करू कडक. रक्त कमी पडलंय म्हणून मैत्रिणींना ते खोटं वाटत नाहीये. रक्त भरपूर आहे, तिसऱ्या परीक्षेत तर ओंजळीने आहे. घोटाळा असा आहे की तुमच्या परीक्षा कुणी घेतच नाही. त्या वळवाच्या पावसासारख्या वरून कोसळतात. भिंत उभी राहते, आग लागते, लांडगे सुटतात. पण भिंत बांधली कोणी, लांडग्यांना आठवडाभर खायला कोण घालत होतं, जाईचं नाव रजिस्टरात कोणी लिहिलं, त्याचं पेन चालत होतं का? साठ पानांत परीक्षा घेणाऱ्या एकाही माणसाला चेहरा नाही. 'अधिकारी' आहेत, तेही काळ्या कपड्यांत.

तुम्ही भरतीचा मेळावा पाहिलाय का माहीत नाही, म्हणून एक गोष्ट जवळून दाखवतो. सैन्यभरतीत कित्येक वर्षं १.६ किलोमीटरची धाव हाच पहिला दरवाजा राहिला. माझ्या वेळी साडेपाच मिनिटांच्या आत आलात तर ६० गुण मिळायचे, त्यापुढे पावणेसहा मिनिटांपर्यंत ४८, त्यानंतर घरी. पोरं जथ्थ्याने सोडतात. शेवटच्या रेषेजवळ दोन जवान दोरी घेऊन उभे असतात. वेळ झाली की शिट्टी वाजते आणि दोरी आडवी ताणली जाते. एवढंच. ना भिंत, ना आग. एक साधी सुती दोरी, मेंढरं आडवावीत तशी.

त्या दोरीशी मी स्वतः उभा राहिलोय. एक पोरगा माझ्यापासून दोन पावलांवर होता. शिट्टी वाजली तेव्हा त्याचा पाय हवेत होता, जमिनीला लागला तेव्हा छाती दोरीला लागली. त्याने माझ्याकडे पाहिलं. मला त्या क्षणी काय वाटलं म्हणता? खरं सांगतो, पहाटे तीनला उठलो होतो, बूट नवा होता, टाच सोलली होती, आणि पुढचा जथ्था सुटायच्या आत पाणी प्यायला मिळेल का हे मी बघत होतो. त्या पोराचा चेहरा मला रात्री आठवला. दिवसा नाही आठवला. तुमच्या जलसेनेत तो सोललेल्या टाचेचा माणूस पाहिजे. त्याचा जाईवर राग नाही, लोभ नाही. तो ड्युटीवर आहे. वाचकाच्या पोटात गोळा येतो तो या माणसापाशी, कारण तो माणूस आपल्या गल्लीतला असतो.

आता जरा इतिहास, कारण असल्या परीक्षा कल्पनेतून जन्मलेल्या नाहीत. स्पार्टाचं नाव ऐकलं असेल. मुलगा सात वर्षांचा झाला की घरातून उचलायचे, टोळीत वाढवायचे, जेवण मुद्दाम अपुरं द्यायचे म्हणजे तो चोरी शिकेल, आणि पकडला गेला तर मार. तो चोरीबद्दल नसून पकडला गेला याबद्दल. इथपर्यंत सगळे लेखक येतात. पुढचं बघा. स्पार्टाची शेती हेलॉट नावाचे गुलाम करायचे आणि ते संख्येने मालकांपेक्षा कितीतरी जास्त होते. निवडक तरुणांना खंजीर देऊन रात्री रानात सोडत, हेलॉटांना मारायला. आणि त्या हत्येचं पाप लागू नये म्हणून राज्याचे अधिकारी दरवर्षी पदावर आल्या आल्या हेलॉटांविरुद्ध रीतसर युद्ध पुकारत, म्हणजे ती हत्या राहत नसे, लढाई होत असे. कागद आधी, खंजीर नंतर. तुमच्या सातही परीक्षांतल्या आगी एका बाजूला आणि हा एक कागद दुसऱ्या बाजूला ठेवला, तर मला कागदच जास्त भयंकर वाटतो.

अजून एक. स्पार्टात आर्टेमिस ऑर्थिया देवीच्या वेदीपुढे पोरांना फटके मारायची रीत होती. स्पार्टाची सत्ता गेली, रोमनांचं राज्य आलं, तरी फटके चालूच राहिले. बाहेरगावचे लोक बघायला येत. शेवटी इसवीसनाच्या तिसऱ्या शतकात तिथे प्रेक्षकांना बसायला दगडी बैठका बांधल्या. राज्य संपलं, सैन्य संपलं, परीक्षा मात्र तमाशा होऊन टिकली. २०९१ मध्ये जलसेनेला परीक्षेची खरंच गरज उरली आहे का, की फक्त बैठका भरायच्या आहेत? हे तुम्ही ठरवलेलं नाही असं वाचताना जाणवतं.

स्पार्टा लांबची. आपल्या घरात या. १८१८ मध्ये खान्देश इंग्रजांकडे आला आणि सातपुडा, सातमाळ्यातले भिल्ल त्यांना आवरेनात. आधी बंदुकांनी बघितलं, जमलं नाही. मग १८२५ मध्ये जेम्स आउट्रम या तरुण अधिकाऱ्याने भिल्लांचीच पलटण उभी करायला घेतली, खान्देश भिल्ल कोअर, ठाणं धरणगावला. तो त्यांच्यात राहिला, त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारी केल्या, विश्वास कमावला, आणि मग डोंगरातल्या भिल्लांना आवरायला भिल्लच गेले. चोपड्याहून धरणगाव किती लांब? तापी ओलांडली की आलंच. तुमची जलसेना तिथे उभी करा ना. आणि उलटा धागाही इथलाच आहे: खाज्या नाईक. कंपनीच्या नोकरीत सेंधवा घाटाची राखण करणारा माणूस १८५७ मध्ये त्याच कंपनीविरुद्ध उठला. घाट त्याला पाठ होता, कारण नोकरीनेच तो पाठ करून घेतला होता. जाई सातव्या परीक्षेनंतर बंड करते ते तुम्ही तिच्या 'मनात ठिणगी पडली' म्हणून दाखवलंय. ठिणगी नको. सेनेने तिला काय शिकवलं आणि तेच सेनेवर कसं उलटलं ते दाखवा.

आता जलसेना हे नाव. मला ते नकोसं वाटतं, सिनेमातलं वाटतं. तुमच्या हाताशी यापेक्षा भारी शब्द पडलेत. पांझरा, मोसम या नद्यांवर शेकडो वर्षं फड पद्धत चालत आली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून कालवा, कालव्याखाली जमिनीचे फड, एका फडात एकच पीक, आणि पाण्याची वाटणी गावाने ठरवायची, सरकारने नाही. त्यासाठी माणसं नेमलेली: पाणी सोडणारा पाटकरी, राखण करणारा जागल्या, देखरेखीला हवालदार. नेमणारे शेतकरी, काढणारेही शेतकरी. माझ्या मते खान्देशाने जगाला दाखवावी अशी जी दोनतीन कामं आहेत त्यातलं हे एक. (दुसरं भरीत. तिसऱ्यावर वाद होतील.)

आता हीच व्यवस्था सत्तर वर्षांत कशी नासली ते लिहा. पाणी कमी झालं तशी राखण वाढली. जागल्याला काठी होती, ती बंदूक झाली. आधी गाव जागल्या नेमत होतं, मग जागल्याच ठरवू लागला की गावात कोण राहील. शब्द तेच राहू द्या. २०९१ मधल्या सर्वोच्च सेनापतीला लोक अजून 'पाटकरी'च म्हणतात, आणि तो शब्द मुळात नोकराचा होता हे फक्त जाईच्या आजीला आठवतंय. अशा कथेची भीती तिथे असते, अनोळखी काळ्या कपड्यांत फारशी नसते. आपण कालपर्यंत ज्याला 'काय रे, पाणी कधी सोडतो?' म्हणत होतो त्याच्यापुढे आज मान खाली घालतो, हे वाचताना खान्देशी वाचकाला पटकन कळेल. रावेर-यावलकडच्याला तर जास्तच. केळीला पाणी किती लागतं आणि त्यापायी माणसं एकमेकांशी काय वागतात ते त्याला वेगळं सांगायला नको.

तिसरी परीक्षा. हिच्यावर मी लाल पेनाने जरा जास्तच लिहिलंय, राग मानू नका. जाई मे महिन्यात सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीपर्यंत तीन दिवस, तीन रात्री पाण्याविना चालते. ताई, तुम्ही चोपड्याच्या. पायथ्यापासून तापीचं पात्र फार तर वीसपंचवीस किलोमीटर. तीन दिवस ती करत काय होती?

आणि शरीराचा हिशेब बघा. पारा ४५ च्या पुढे, उन्हात भराभर चालणारं माणूस तासाला साधारण लिटरभर घाम गाळतं. जाई तुम्ही ४८ किलोची लिहिलीय. पहिल्या तासाअखेर वजनाच्या दोन टक्के पाणी गेलं, तिथेच पाय जड व्हायला लागतात. पाचव्या तासाला दहा टक्के. तिथे माणूस चालत नाही, पडलेला असतो. म्हणजे सकाळी आठला निघाली तर दुपारी एकच्या सुमारास तुमची कादंबरी संपली.

उन्हाचा झटका दिसतो कसा तेही चुकलंय. ती 'ओठ कोरडे पडून कोसळली' असं आहे. मैदानावर मी बघतो ते वेगळं असतं. झटका बसणारं पोरगं आधी भांडखोर होतं. विनाकारण चिडतं, किंवा खुळ्यासारखं हसतं. बुटाची नाडी बांधायला वाकतं आणि बांधतच राहतं. म्हणून मी पळून आलेल्याला 'बरं वाटतंय का' असं विचारत नाही, सगळे हो म्हणतात. मी विचारतो, आज वार कोणता? एकदा एप्रिलमध्ये एका चांगल्या पळणाऱ्या पोरीने मला उत्तर दिलं, "सर, मी सकाळीच दिला." काय दिला, कुणाला दिला! अंगावर घाम होता, चेहरा लाल, आणि डोळे माझ्या खांद्यापलीकडे. त्या क्षणी सावलीत ओढायचं, कपड्यांसकट भिजवायचं, वारा घालायचा, आणि गाडी बोलवायची. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. पोरगी वाचली. पण ते 'मी सकाळीच दिला' माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. जाईच्या तोंडी असं एक वाक्य घाला, आगीची चार पानं काढून टाकता येतील.

मग ती परीक्षा ठेवायची कशी? रात्रीची ठेवा. अंतर पंचवीस किलोमीटर, वेळ सूर्योदयापर्यंत, पाणी एक लिटर. ऐकायला सोपं वाटतं, आणि तेच हवंय. मे महिन्यात नांगरून टाकलेल्या काळ्या रानात अंधारात चालून बघा. ढेकळं विटांसारखी, मध्ये भेगा, घोटा कधी मुरगळेल नेम नाही. तापी जवळ आली की खोल घळी लागतात, समोर नदी दिसते आणि उतरायला वाट सापडत नाही. तोवर पूर्वेला तांबडं फुटायला लागलेलं. आणि त्या एक लिटरचं काय करायचं हा खरा प्रश्न. बरोबरच्या मुलाला उलट्या होतायत. त्याला दिलं तर नियमभंग नाही, पण काठावरचा जागल्या बाटलीत किती उरलं ते मोजून लिहून घेतो आणि का ते सांगत नाही. बस. लांडगे सोडून द्या बिचारे.

चौथ्या-पाचव्या परीक्षेबद्दल थोडक्यात: एकसारख्याच आहेत, एक काढा. सहावी, बुद्धिबळासारखी, मला आवडली पण ती या कादंबरीतली वाटत नाही. सात हा आकडा कशासाठी? शुभ म्हणून? तीन पुरेत.

एक परीक्षा मात्र मी सुचवतो, कारण ती आपल्याकडे डोळ्यांसमोर असते आणि कुणी लिहीत नाही. बारागाड्या. यात्रेत बघितल्या असतीलच. बारा बैलगाड्या एकामागे एक बांधलेल्या, वर माणसं खच्चून बसलेली, पुढे कमरेला बांधून भगत, दोन्ही बाजूंना त्याचे साथीदार, म्हणजे बगले. लोकांना वाटतं कस ओढण्यात आहे. पहिलं चाक हलेपर्यंत आहेच, जीव डोळ्यांत येतो. पण एकदा रांग चालू लागली की गोष्ट पालटते. आता गाड्यांना ओढायची गरज नाही, त्या आपणहून येतायत, मागून. भगत ओढत नाही, पळतो. अडखळला तर थांबवणार कोण? गाड्यांखाली माणसं आल्याच्या घटना घडलेल्या आहेत. एकाच परीक्षेत धोका पुढून मागे जातो. शेवटची परीक्षा अशी करा: जाई तिला बांधलेलं ओझं हलवते, लोक जयजयकार करतात, आणि तिच्या लक्षात येतं की आता थांबणं तिच्या हातात नाही. वर बसलेल्यांत तिचा धाकटा भाऊ आहे. मला हे लिहितानासुद्धा बरं वाटलं, तुम्ही नाही घेतलं तर मी घेईन.

भाषेचं एक राहिलं. तुमची सगळी पात्रं छापील मराठी बोलतात. सेनेच्या आवारात बोलू द्या, फौजेत आमचंही हिंदीच चालायचं. पण बराकीत माझ्या शेजारच्या खाटेवर साक्री तालुक्यातला एक जण होता, दिवसभर टकाटक 'जी सर'. तापाने फणफणला त्या रात्री झोपेत एकच चाललं होतं, "माय वं, माय वं." सकाळी मी त्याला सांगितलं तर म्हणाला, मी आणि अहिराणी? शक्यच नाही. तुमच्या सेनेत अहिराणी बोलायला बंदी असेल असं मी धरून चालतो, अशा सत्ता भाषेला आधी हात घालतात. मग अहिराणी कुठे बाहेर पडते ते ठरवा. सावध असताना नाही. झोपेत, वेदनेत, मोजताना. माणूस आकडे पुष्कळदा आईच्याच भाषेत मोजतो.

आणि पोरं तिथे जातातच का? तुमच्याकडे सक्ती आहे म्हणून जातात. सक्तीचा वाचकाला कंटाळा येतो. माझ्याकडे येणाऱ्यांना कुणी सक्ती केलेली नाही. दोन एकर कोरडवाहू, बापाच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज, बहिणीचं लग्न, आणि वयाची अट डोक्यावर टांगलेली. २०२२ मध्ये अग्निपथ आली, चार वर्षांची सेवा आणि पुढे जास्तीत जास्त २५ टक्के कायम, तेव्हापासून पोरं पळता पळता पुढचाही हिशेब मांडतात: चार वर्षांनी मी किती वर्षांचा असेन? तरी पळतात. तसा हिशेब जाईचाही हवा. निवड झाली तर घराला रोज दोन हंडे पाणी जास्त. दोन हंड्यांसाठी आईनेच तिला पहाटे उठवून पळायला पाठवलं, हे सक्तीपेक्षा भयंकर आहे, कारण त्यात आईची चूक काढता येत नाही.

आता तुमच्या साठ पानांत जे नाहीच ते. नापास झालेल्यांचं काय होतं? तुमच्याकडे ते मरतात. सगळे. फार सोयीचं आहे हे. मेलेला माणूस लेखकाला काही विचारत नाही. जिवंत परत आलेला विचारतो.

दोरीशी थांबलेला तो दोन पावलांवरचा पोरगा मला पुढे सहा वर्षांनी भेटला. शिरपूर फाट्यावर, ट्रकच्या केबिनमधून त्यानेच हाक मारली. चहा पाजला. म्हणाला, "सर, त्या दिवशी मी गावाच्या स्टँडवर उतरलोच नाही. पुढच्या फाट्यापर्यंतचं तिकीट काढलं आणि शेतातून मागे चालत आलो. पारावर सगळे बसलेले असतात ना संध्याकाळी." घरी पोचला तर आईने कळण्याची भाकरी आणि ठेचा झाकून ठेवला होता. दोन माणसांचं. तिने विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही, दोघं जेवले. बूट त्याने गोठ्यात टांगले. ते अजून तिथेच आहेत, म्हणाला, आता त्यात चिमणीने घर केलंय.

जाईबरोबर पळणारा तो उलट्या करणारा मुलगा, त्याला मारू नका. त्याला परत पाठवा. कोणत्या फाट्यावर उतरतो ते लिहा. घरात पाण्याचे हंडे किती, त्यातला कुणाच्या वाट्याचा तो पिणार आहे ते लिहा. तेवढं एक प्रकरण झालं की मला धाडा, बाकीच्या परीक्षा नंतर बघू. आणि धुळ्याकडे येणं झालं तर पहाटे पाचला मैदानावर या. शनिवारी आम्ही वेळ लावून पळवतो. दोरीचं एक टोक तुमच्या हातात देईन.